पडलेला झेंडा

बायकोने वारा वाचायचा आणि नवऱ्याने गोळी झाडायची, अशी नेमबाजीच्या मैदानावर त्या दोघांची वाटणी होती. घरातही फारशी वेगळी नव्हती. आजची शेवटची गोळी मधोमध लागली तरच त्याला संघात जागा मिळणार होती. वय पाहता पुढची संधी नव्हती.

लक्ष्यापासून त्यांच्यापर्यंत वारा दाखवणारे पाच झेंडे ओळीने फडफडत होते.

"अहो, थांबा. लक्ष्याजवळचा झेंडा पडलाय."

"वारा पडला असेल."

"मग बाकीचे चार काय हौसेने नाचतायत?" वाऱ्याने डोळ्यात जाणारी केसांची बट तिने पुन्हा मागे सारली. "तिथे कुणीतरी वारा अडवून उभं राहिल्यासारखं दिसतंय."

त्याने दुर्बिणीतून पाहिलं. मैदान मोकळं होतं. तेवढ्यात तो झेंडा उडू लागला आणि त्याच्या अलीकडचा पडला.

"आता मारू?"

"नको. आता तिसरा पडला."

मग चौथा. पंचांनी वेळ संपत आल्याचा इशारा दिला. बंदुकीच्या नळीपुढचा पाचवा झेंडा सावकाश खाली आला आणि पुन्हा उडाला.

आता पाचही झेंडे झकास फडफडत होते.

"मारू ना गं?"

त्याने तिच्याकडे मान वळवली. तिच्या कपाळावरची बट निमूट पडली होती.