वरची

"अगं, इस्त्री उचल! कापड करपल्यावर डोळे उघडणार का तुझे?"

लाँड्रीवालीनं दचकून इस्त्री उचलली. आवाज आईचा नव्हता, पण बोलणं आईचंच होतं. तोच हेल, तीच घाई. आणि आईला जाऊन तर वर्ष उलटलं होतं.

दारात एक वरची वाकून उभी होती. चौकटीहून हातभर उंच, राखाडी कातडीची, पापण्या नसलेल्या डोळ्यांची.

दुसऱ्या ग्रहावरून आलेल्यांना सगळे 'वरचे' म्हणत. ही तर राहायचीही वरच्याच खोलीत, लाँड्रीवाली लहान होती तेव्हा. वरच्यांत बाई-पुरुष असं काही नसतं. पण हिला बोलायला शिकवलं ते आईनं, इथंच इस्त्रीच्या टेबलाशी, वरच्यांना मानवणाऱ्या वाफेत बसवून. म्हणून ती 'मी आले', 'मी गेले' असंच म्हणायची. आईलाही आईच म्हणायची. पुढं सगळ्या वरच्यांना परत पाठवून दिलं. त्यानंतर ती आज दिसत होती.

"तू अजून तशीच बोलतेस?"

"विसरू नये म्हणून एकटीच बडबडायचे. तिकडं सगळे म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय." ती आत डोकावली. "आई कुठंय? सांग तिला, मी आले."

"आई गेली गं."

"कधी येईल मग?"

लाँड्रीवालीनं इस्त्री बाजूला ठेवली. 'गेली'चा हा अर्थ आईनं वरचीला शिकवलाच नव्हता.

तिनं नीट समजावून सांगितलं. वरची हळूहळू खाली बसली. टेबलाच्या कडेवरून तिनं हात फिरवला.

"बरोबर बोलते का मी, तिला विचारायचं होतं," ती म्हणाली. "आता कुणाला विचारू?"

"एक शब्द चुकली नाहीस." लाँड्रीवालीनं इस्त्री उचलून तिच्या दिशेनं वाफ सोडली. वरचीचे खांदे सैल झाले.

"केस किती पिकलेत गं तुझे! जरा स्वतःकडं बघत जा."

"बघते."

"नुसतं बघते म्हणायचं, आणि बघायचं नाही."

लाँड्रीवालीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "थांबू नकोस," ती म्हणाली. "आणखी रागाव."

मागच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "कोण आलंय गं?"

"माझी बहीण."

"तुला कुठली बहीण?" म्हणत तो बाहेर आला आणि वरचीला बघून जागीच थिजला.

"अहो, उभे का असे? बसा की निवांत. परक्याचं घर आहे का?" वरची म्हणाली.

नवऱ्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मुलगी बघायला पहिल्यांदा या घरी आला होता, तसा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.