मुका फोन

भरदुपारी बयाबाईचा नवरा छातीला हात लावून ओसरीवर कोसळला. ती फोनकडे धावली. सकाळपासून तिकोणा पेठेत वीज नव्हती, मोबाइलचा टॉवरही बंद होता. पण घरचा फोन विजेवाचून चालतो, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. रिसीव्हरमधून आवाजच येईना. तिनं सात वेळा बटणं दाबली, मग रस्त्याकडे पळाली. जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारचा वायरमन म्हणाला, "मावशी, तुमच्या आदिनाथनं जुनी लाइन काढून वायफायचा फोन बसवला न्हवं? त्याला लाइट लागती. पोराला ठाव नसंल." निरोप मिळताच आदिनाथ तळेगावहून आला. बापाच्या पायांवर डोकं ठेवून हमसत म्हणाला, "आये, फोन का न्हाई केलास? गाडी धाडली असती!" वायरमन तोंड उघडणार, तोच बयाबाईनं त्याला नजरेनंच गप्प केलं. "सुचलंच न्हाई रं, लेकरा," ती म्हणाली.