आबांचं पथ्य

“उपाशी पोटी मोसंबीचा रस? रोज?” मोहिनीने फोनवर विचारलं.

“मोठा गिलास,” शिंदखेड्याहून तिचे वडील, आबा, म्हणाले. “मंग छातीमा जळजळ व्हस.”

मोहिनी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. हातातलं पुस्तक तिने मिटलं. आठ महिन्यांपूर्वी आईही असंच म्हणाली होती. घरातल्या सगळ्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं. मोहिनीनेही. दुखणं हृदयाचं होतं, हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती शिंदखेड्याला पोचली. आबा ओट्यावर बसले होते. तिने पर्समधून पित्ताच्या चूर्णाचं पाकीट काढून त्यांना दिलं.

“तुनाकडे कसं काय?”

“असतं सगळ्यांकडे.”

आबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात टाकलं.

“धुळ्याला चला. आधी ईसीजी काढू.”

“माले भ्याव लागस. पहिले तू काढ, मंग मी काढस.”

“लहान मुलासारखं काय करता, आबा!”

“मंग ऱ्हाऊ दे.”

दोघांचेही ईसीजी निघाले. दोन्ही ठीक होते. मोहिनी दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिली. शेजारी आबा उपरण्याने डोळे पुसत होते. एवढा धीट माणूस इतका घाबरला असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

पथ्याचा कागद शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी आधीच दिला होता. आबांनी तो घरी फडताळाच्या दारावर चिकटवला होता, वरची कड आत दुमडून. परतल्यावर मोहिनीने तो मोठ्याने वाचला.

“मोसंबी, संत्री, लिंबू, टमाटे काही दिवस बंद. पिकलं केळं, पपई चालेल. सोसेल ते खावं, न सोसेल ते वहीत लिहावं. रात्रीचं जेवण सातला. जेवून लगेच आडवं होऊ नये. जेवणाऐवजी रस पिऊ नये.” ती थांबली. “तुम्ही जेवणाऐवजी रस पिता?”

“कधीमधी.”

आई गेल्यापासून एकटीसाठी स्वयंपाक करायला तिचाही हात उचलत नव्हता. कॉलेजसमोरच्या गाडीवर मोसंबीचा रस, मग चहा, मग आणखी चहा, रात्री दहाला हाताला लागेल ते. आबा महिन्याभरापूर्वी राहायला आले होते तेव्हाही हेच. पण ती अडतीसची होती. आबा सत्तरीचे.

“बठ्ठं पाळसू,” आबा म्हणाले. “पन एकलाले गोड नही लागत. तू बी हाईच खावानं. रोज सातले फोनवर ताट दखाडजो.”

मग रोज सातला धुळ्यात एक ताट आणि शिंदखेड्यात एक ताट समोरासमोर येऊ लागलं. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दुधीची भाजी.

“दुधी म्हनजे सजा शे,” आबा म्हणायचे. “तुना ताटमा कमी दिसस. वाढ आजून.”

“मी पेशंट आहे का?”

“मंग मी बी थोडंच खास.”

ती वाढून घ्यायची. रात्री पित्त वर चढू नये, यासाठी आबांनी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, म्हणून तिनेही ठेवल्या. ते शतपावली करायचे, म्हणून तीही गच्चीवर चालायची. चालताना ते फोनवर आईविषयी बोलायचे. आधी थोडं, मग पुष्कळ. रुसली की आई पोळ्या कशा जाड लाटायची, हे आठवून एकदा दोघं इतकी हसली की मोहिनीला गच्चीच्या कठड्याला टेकावं लागलं.

एका रविवारी ती शिंदखेड्याला आली तेव्हा शेजारच्या सुमनबाई दारातच भेटल्या.

“आबाले पथ्य? काल तं मना घरना ठेचा चाटीपुसीसन खादा!”

“आबा!”

“एक बोट, माय. एकच बोट.”

“आणि जळजळ?”

“जराबी नही.”

वहीतही तेच होतं. सहा आठवडे सगळी पानं कोरी. मोहिनी मनात हरखली. पर्समध्ये चूर्णाचं नवं पाकीट घ्यायचं आपण केव्हाच विसरलो आहोत, हेही तिला तेव्हाच जाणवलं.

“आज डॉक्टरांना विचारून येते,” ती म्हणाली. “आता जेवणानंतर अर्धा पेला मोसंबी चालेल का तुम्हाला. कागद बरोबर नेते.”

“कागद कशाले?” आबा घाईने उठले. “ऱ्हाऊ दे ना तठेच!”

तोवर तिने तो काढला होता. दुमडलेली कड उलगडली. वर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मोहिनी, वय ३८, धुळे. पेशंट दाखवायला तयार नाही. तक्रारी वडिलांनी सांगितल्या. आधी ईसीजी काढून घ्यावा.’