चौथीपर्यंतचा भूगोल

कांताबाईंच्या पदराचं टोक बापूराव मास्तरांच्या मुठीत होतं, आणि बाई समुद्राकडे सरकत होत्या. घोट्याइतकं पाणी झालं. लाट आली की पोटऱ्या भिजत. मास्तर मात्र पायात चपला घालून काठावर. लाट आली की टुणकन मागे उडी मारायचे, पण पदर सोडायचे नाहीत. नाताळची सकाळ होती. चर्चमधून परतणारी नवे कपडे घातलेली माणसं थांबून बघत होती. बायकोचा पदर धरून फिरणारा नवरा कोकणातसुद्धा रोज दिसत नाही.

त्यांच्या गावी, भामरागडात तर कधीच दिसला नसता. तिथं मास्तरांचा दरारा होता. पण दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांचा मोठा मुलगा, संघपाल, पर्लकोटा नदी ओलांडताना पुरात डोंग्यासकट वाहून गेला. डोंगा सापडला. संघपाल नाही. तेव्हापासून कांताबाईंनी नदीचं तोंड पाहिलं नाही. धुणं विहिरीवर, भांडी विहिरीवर. मासोळीवाली दारात आली की बाई दार लावून घेत. घरात मासोळी शिजायची ती बंदच झाली.

गावच्या दवाखान्यातल्या फर्नांडिस सिस्टर कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, सुट्टीत सगळे आमच्या घरी चला. समुद्र अगदी दाराशी आहे." घ्या! पाण्याचं नाव काढलं की जिचा चेहरा उतरतो तिला समुद्र दाखवायचा. मास्तर नाही म्हणणार तेवढ्यात कांताबाईंनीच विचारलं, "कुठचा समुद्र?" सिस्टर म्हणाल्या, "मुंबईकडचा." बाई उठल्या आणि त्यांनी पेटी भरायला घेतली.

एसटी, रेल्वे, पुन्हा एसटी असं करत मंडळी नाताळच्या आदल्या दिवशी पोचली. धाकटी विशाखा वाटभर ओकली. जेवायला सिस्टरच्या आईनं माशाचं कालवण वाढलं. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. "हिले नका वाढू," म्हणेपर्यंत बाईंनी भात कालवला, खाल्ला आणि आणखी मागितला. मास्तरांनी आपली वाटी हळूच बाजूला सारली. ताक-भातसुद्धा त्यांनी अर्धाच टाकला. त्यांना वाटलं, बाईनं मनाशी काहीतरी ठरवलं आहे. माणूस कायमचं निघताना असंच पोटभर जेवून घेतं. एकदा असं मनानं घेतल्यावर सुटका नाही. तेव्हापासून मास्तर डोळ्यांत तेल घालून बायकोची राखण करत होते. विशाखा नाताळच्या गोड नेवऱ्या खाऊन खुशाल होती. मास्तरांनी आल्यापासून पाण्याला पाय लावला नव्हता. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"कांता, बस झालं. मागं हो."

"काऊन?"

"भरती येऊन राह्यली."

"येऊ द्या न जी."

एक मोठी लाट आली. कांताबाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि बाई हसल्या. चक्क खळखळून हसल्या. दोन वर्षांत मास्तरांनी ते हसू ऐकलं नव्हतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते पार घाबरले.

"पोरगी आहे न आपली!" ते ओरडले, तेही अख्ख्या किनाऱ्यासमोर. "विशाखाले कोण पाहीन? मी एकटा काय करू? तू गेल्यावर मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

कांताबाई वळल्या. त्यांनी मास्तरांचा चेहरा पाहिला, मग मुठीतला पदर पाहिला. आल्यापासून हा माणूस सावलीसारखा मागे का आहे, ते त्यांना आत्ता कळलं.

"अगाई! तुमाले असं वाटलं काय?" त्या म्हणाल्या. "मी जीव द्याले नाई आली जी."

"मंग पान्यात काऊन शिरून राह्यली?"

"तुमचीच पोरं नाई का रोज कोकलत? आपली खोली शाळेले लागून. मले भिंतीआडून सारं आयकू येते. पर्लकोटा इंद्रावतीले मिळते, इंद्रावती गोदावरीले मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराले मिळते." बाईंनी पोरांच्याच चालीवर म्हणून दाखवलं. "म्हणजे आपली नदी तिकडं जाते. इकडं येतच नाई. ह्या पान्यात माहा संघू नाई जी. इथी पाय बुडवता येते. इथची मासोळी खाता येते." त्यांनी ओला हात पुढे केला. "या न तुमी बी."

जगातले सगळे समुद्र एकमेकांना मिळालेले असतात, हा धडा वरच्या वर्गाला असतो. मास्तरांना तो पाठ होता. पण त्यांची शाळा चौथीपर्यंतच होती.

"बराबर आहे तुह्यं," ते म्हणाले. त्यांनी पदर सोडला, चपला काढल्या आणि संघूच्या पाण्यात पाय ठेवला.