मागावरची खूण

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी धाकट्या लेकाला त्या मोठ्या शर्यतीत गाडी चालवायला मिळाली. लहानपणी ज्या ट्रॅकची चित्रं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा, तोच हा ट्रॅक. लेकीचं बाळंतपण उरकून आई घरी आली, तर टेबलावर दोन पास ठेवलेले आणि नवरा बुटांना पॉलिश करत बसलेला.

ती म्हणाली, मी येणार नाही. धाकटा गाड्या पळवायला लागल्यापासून तिने एकही शर्यत पाहिली नव्हती. सुखरूप आहे असा त्याचा फोन आला, की मगच ती चहा टाकायची.

नवऱ्याने वाद घातला नाही. मग मी एकटा जातो, एवढंच बोलला. तिथेच ती अडकली. मागच्या हिवाळ्यात त्याला छातीचं दुखणं येऊन गेलं होतं. डॉक्टरांनी जिना चढतानाही मध्ये दम खायला सांगितलं होतं. असल्या माणसाला त्या गर्दीत एकटं कोण सोडेल? बाप-लेकांनी मिळून आपल्याला कोंडीत पकडलंय हे तिला कळलं, आणि ती मुकाट्याने पिशवी भरू लागली. त्याच्या गोळ्या आधी.

जागा चांगली होती, सुटायच्या रेषेसमोर. बाकावर टेकल्याबरोबर तिने कानात कापसाचे बोळे घातले आणि डोळे गच्च मिटले. पलीकडचा ढेरपोट्या गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, की पास मिळवून लोक इथे झोपायला येतात. बोळ्यांतूनही ते तिला ऐकू आलं.

"संपल्यावर उघडीन," ती नवऱ्याला म्हणाली.

"मागावरची खूण आठवते?" त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

न आठवायला काय झालं? दोघांची ओळखच कापडगिरणीत, मागाच्या खात्यात झाली होती. तिथल्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे, म्हणून सगळे हातानेच बोलत. हात एकदा दाबला की सगळं ठीक, चालू दे. दोनदा दाबला की माग थांबव. ही खूण थट्टेतही कुणी खोटी करत नसे, कारण त्यात माणसाची बोटं जात. लग्न जमायच्या आधी त्याने एकदा उगाचच तिचा हात दाबला होता. कशाला दाबला म्हणून तिने मुकादमासमोर जाब विचारला, तर हा म्हणाला होता, सगळं ठीकच आहे, तेच सांगितलं.

"तो समोरून गेला की दर फेरीला एकदा दाबीन," तो आता म्हणाला.

"आणि दोनदा?"

"दोनदाची वेळ येत नाही. हात दे इकडे."

शर्यत सुटली तसा बाक हादरला. इतक्या गाड्यांत तिला एकीचाही आवाज वेगळा कळेना. पण नवऱ्याचा अंगठा आला. एक फेरी झाली बाई. मग पुन्हा आला. कधी लवकर, कधी रेंगाळून. धाकटा कुणाच्या तरी मागे अडकला असेल तेव्हा रेंगाळून.

हळूहळू तिचे खांदे सैल पडले. तिला वाटलं, भीती अशी फेरीफेरीने वाटून घेतली तर पेलवते की. इतकी वर्षं आपण ती फोनजवळ एकगठ्ठा घेऊन बसलो. पोराला जाताना नुसतं जपून, जपून म्हणत आलो. छान चालवतोस, असं एकदाही म्हटलं नाही. आज म्हणायचं, तिने ठरवलं. भेटला की आधी तेच म्हणायचं.

मग एका फेरीला अंगठा आलाच नाही.

माणसं उभी राहिल्याचं तिला पायाखालच्या फळ्यांतून कळलं. ती थांबली. धाकट्याने बजावलं होतं, टायर बदलायला मी मध्येच आत जाईन, तेव्हा घाबरायचं नाही. बराच वेळ गेला. कुणीतरी वाकून नवऱ्याशी बोललं. त्या माणसाच्या कपड्यांना पेट्रोलचा वास होता. नवऱ्याचा खांदा नाही म्हटल्यासारखा हलला. त्याचा तळवा गार पडला होता, घामाने ओला झाला होता.

तिला धडकीच भरली. पोराची नव्हे, याची. तिने एका कानातला बोळा ओढून काढला.

"छातीत दुखतंय का हो? गोळी देऊ?"

"नाही गं. गोळी नको."

तिच्या बोटांतून बोळा घेऊन त्यानेच तो परत तिच्या कानात नीट बसवला. आणि मग अंगठा आला. एकदा.

टायर बदलून झाले म्हणायचे. तिने श्वास सोडला.

त्यानंतर अंगठा मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यासारखा नेमाने येत राहिला. लवकर नाही, उशिरा नाही. पोराला मोकळा रस्ता मिळाला असणार. मधूनमधून ती नवऱ्याच्या मनगटावरची नाडी चाचपून बघे. धावत होती, पण चालू होती. घरी गेलं की याला आधी डॉक्टरकडे न्यायचा. एकदा कुणीतरी मागून तिच्या पाठीवरून हात फिरवला. ढेरपोट्याची बायको असावी. आपल्या नवऱ्याची मघाची चेष्टा लागली असेल बिचारीला.

शेवटी इंजिनं एकेक करून गप्प झाली. तिने बोळे काढले. डोळे मात्र मिटूनच विचारलं, "कितवा आला?"

नवऱ्याने तिचा हात सोडला नाही.

"अजून जरा मिटलेलेच ठेव," तो म्हणाला.

तिला हसू आलं. पोराला इथे आणून समोर उभा करायचा बेत दिसतोय या बाप-लेकांचा. तिने पदर सारखा केला, कपाळावरची बट मागे सारली, आणि पोराला काय म्हणायचं ते मनात घोळवत बसून राहिली.

धाकटा वारला होता, शर्यत निम्मीही झाली नव्हती तेव्हाच, पलीकडच्या वळणावर.