सातव्या वॉर्डातली रांग

मोहीम फसली, ती बंद करावी, असा ठराव बुधवारी दुपारच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला. पण नेमका त्याच वेळी इतिवृत्त लिहिणारा बाहेर गेला होता, आणि जे लिहिलं गेलं नाही ते आरोग्य खात्यात घडलेलं नसतं. तो रुमालाला हात पुसत परत आला, तेव्हा ठराव वगैरे काही झालाच नाही अशा चेहऱ्याने सगळे बिस्किटं खात होते.

"या," आरोग्य अधिकारी मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच मोहिमेचं चाललंय."

मोहीम प्रोस्टेटच्या कॅन्सरची होती. म्हणजे त्याच्याविरुद्धची. इतिवृत्त लिहिणारा हाच खात्याचा माहिती सहायक. वय सत्तावन्न. पोस्टरवरचा मजकूरही त्याचाच: 'पन्नाशी उलटली? सारखं लघवीला जावं लागतं? की काहीच त्रास नाही? तिन्ही बाबतींत डॉक्टरांशी बोला.' हे पोस्टर सातही वॉर्डांतल्या पुरुषांच्या मुताऱ्यांत लावायचं, कारण तिथे माणूस उभा असतो आणि समोर वाचायला दुसरं काही नसतं, ही कल्पनाही त्याचीच.

"सहा वॉर्डांत मिळून अकरा जण तपासणीला आले," मॅडम म्हणाल्या. "त्यातले दोघे दात दाखवायला. आणि एकट्या सातव्या वॉर्डात एकसष्ट! चौघांचा आजार अगदी सुरुवातीलाच सापडला. असं का?"

"कल्पना नाही, मॅडम."

"सोमवारपर्यंत शोधून काढा. नाहीतर मोहीम बंद, आणि तुम्ही परत कुत्र्यांच्या परवान्यांवर."

कुत्र्यांच्या परवान्यांवर त्याने नऊ वर्षं काढली होती. त्यात तीन चावे. त्यातला एक मालकाचा.

त्याची बायको त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीत होती. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे.

"पुरुष म्हणजे ना, एकेक नग," तो घास घेत म्हणाला. "चार ओळी वाचायच्या, डॉक्टरकडे जायचं, रक्त द्यायचं. तेवढंही होत नाही यांच्याच्याने."

"अहो, पण पोस्टरवर लिहिलंय तरी काय? मला दाखवा की."

"तुला काय करायचंय? पुरुषांचं आहे ते." तो हात धुवायला उठला. डबा अजून अर्धा भरलेला होता.

गुरुवारी वही घेऊन तो सातव्या वॉर्डाच्या दवाखान्यात पोचला. बाकांवर नऊ पुरुष माना खाली घालून बसले होते. नऊही जण एकाच गुन्ह्यात सापडल्यासारखे.

"कसे काय आलात?" त्याने पहिल्याला विचारलं. तो कुलपं दुरुस्त करणारा होता.

"चालत."

"तसं नव्हे हो. पोस्टर वाचून आलात का?"

"कसलं पोस्टर?"

दुसरा बेकरीवाला. "आपलं सहज," तो म्हणाला. "इकडून चाललोच होतो." त्याची फाईल शेजारच्या बाईंच्या मांडीवर होती. बाईंनी घसा खाकरला. "अगदी सहज," बेकरीवाला म्हणाला.

सगळ्यांना विचारून झाल्यावर वहीत एकच नोंद झाली: 'चालत – एक. सहज – आठ.'

डोकं चालेना. पोस्टर कुणी पाहिलेलं नाही आणि रांग तर दारापर्यंत. मग त्याने थेट मंडईतली मुतारी गाठली. तिथे त्याचं स्वतःचंही काम होतं. समोर नव्या कोऱ्या फरशा चमकत होत्या. पोस्टर नव्हतंच.

बाहेर सफाईवाल्या मावशी स्टुलावर बसल्या होत्या.

"मावशी, इथलं पोस्टर कुणी काढलं?"

"काढलं कुठे? आहे की. पलीकडे."

"पलीकडे बायकांचं आहे ना?"

"आता आहे. मध्यंतरी तुमच्या बाजूच्या फरशा बदलत होते. ते आठ दिवस पुरुषांची पाटी तिकडे लावली होती. बायकांना मागच्या शाळेत पाठवायचो. तुमचा तो चिकटवणारा तेव्हाच आला. पाटी बघितली, आत गेला, चिकटवून मोकळा झाला. पुढे पाटी निघाली, पण पोस्टर काही निघेना. खळ कसली लावलीय मेल्याने, देव जाणे."

"म्हणजे ते... बायका वाचतात?"

"न वाचून सांगतात कुणाला? आमच्याकडे रांग असते, साहेब. आपला नंबर येईस्तोवर पाठ होतं. परवा एकीने आतूनच नवऱ्याला फोन लावला. म्हणाली, सारखा उठतोस ते मला दिसत नाही होय? चपला घाल आणि खाली ये."

तो तिथेच उभ्याउभ्या लिहायला लागला. मावशींनी त्याला स्टूल दिलं, तरी तो बसला नाही.

सोमवारी मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा उभ्या राहून.

"बायकांनी वाचलं की पुरुष येतात! अहो, हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

"सुचलं नव्हतंच, मॅडम. चुकलं होतं."

"ते अहवालात नको. मोहीम चालू. सातही वॉर्डांत, बायकांच्या बाजूला. कुत्र्यांचं विसरा आता."

त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"आणि सुरुवात घरापासून," मॅडम म्हणाल्या. "पहिलं पोस्टर आपल्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या स्वच्छतागृहात. उद्या सकाळी अकराला, तुमच्या मिसेसच्या हस्ते. कशी वाटली कल्पना?"

"उत्तम," तो म्हणाला.

जागेवर येऊन त्याने खात्याचा कोरा कागद घेतला, तारीख घातली, विषय 'तातडीचा' असा लिहिला आणि खाली सुवाच्य अक्षरात मजकूर काढला:

'महोदया, मोहिमेस अधोस्वाक्षरीकाराचा पूर्ण पाठिंबा आहे. तथापि उद्याचे पोस्टर ज्यांच्या हस्ते लावावयाचे आहे, त्यांना ते वाचू देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'