दाराबाहेर

विमलबाईंनी नंदाचा कागद मुद्दाम शेवटी ठेवला होता.

चौथीच्या मुलींना त्यांनी सांगितलं होतं, मी कोण, हे एका चित्रातून दाखवा. कुणी कापसाचं बोंड काढलं, कुणी वडिलांच्या दुकानातला तराजू. नंदा आपलं मोठं घर काढणार, याची बाईंना खात्री होती. मग सगळ्या वर्गासमोर तिला विचारायचं होतं, "या घरात तुझ्या आईच्या आधी कोण होतं, ठाऊक आहे?"

मूल होत नाही म्हणून मारोतरावांनी विमलबाईंना घराबाहेर काढलं, त्याला बारा वर्षं झाली होती. लगेच दुसरी बायको आली. बाई माहेरी राहून शिकल्या आणि घाटंजीच्या शाळेत लागल्या. यंदा मारोतरावांची ही मुलगी नेमकी त्यांच्याच वर्गात आली. मामाकडे शिकायला ठेवलेली, लाडाची असणार, असं बाईंनी धरलं. पाढा चुकला की इतर मुली बसून राहत. नंदाला उभं राहावं लागे.

बाईंनी कागद उचलला. बंद दार होतं. बाहेर एक बाई आणि एक मुलगी, मध्ये पत्र्याची पेटी.

"हे काय गं?"

"आमच्या घरचं दार हाये, बाई. हे आई, हे मी."

"मंग बाहेर काहून उभ्या?"

"बाबानं काढून देल्लं. आईले पोरगा नाही झाला ना. आता तिसरी आणली." नंदा रडली नाही. "पयलीले बी असंच काढलं होतं म्हणे."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. जो प्रश्न त्यांनी महिनाभर घोकला होता, तो विचारायचा राहिला.

त्यांचा राग कमी झाला नाही. फक्त तो आता या मुलीवर राहिला नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी नंदाला थांबवलं.

"शनिवारी या चित्रांचं प्रदर्शन आहे. अध्यक्ष म्हणून तुझे बाबा येणार आहेत. सगळं गाव येईल. हे चित्र मी अगदी समोर लावू का? भीती वाटत असेल तर राहू दे."

नंदानं चित्र आपल्याकडे ओढलं. मग तिनं दप्तरातून पेन्सिल काढली.

"मंग खाली पुरं नाव लिहा लागन, बाई," ती म्हणाली. "बाबाच्या नावासकट."